देवाने क्षमा केली, तरी वहिनीचे देणे उरते का?

एका बंधूंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वडिलांच्या पश्चात गावाकडची चार एकर जमीन दोघा भावांच्या नावावर आली. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त कल्याणला राहत होता. थोरल्याने, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या बंधूंनी, सोसायटीच्या कर्जासाठी सही लागते असे सांगून त्याला तालुक्याच्या गावी बोलावून घेतले आणि हक्कसोडपत्रावर त्याची सही घेतली. दुय्यम निबंधकांनी विचारले तेव्हा, दादा सांगतो ते बरोबरच असणार, म्हणून धाकट्याने मान हलवली. सातबाऱ्यावरून आपले नाव गेल्याचे त्याला पुढे कळले, तेव्हा तो भांडला नाही; नाताळाला गावी येणे मात्र त्याने कायमचे बंद केले. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो वारला. त्याची पत्नी दोन मुलांसह आजही भाड्याच्या खोलीत राहते. बंधूंनी देवापुढे अनेकदा पाप कबूल केले, उपवास धरले, मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, पंखे बसवून दिले; तरी प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेताना, हात पुढे होत नाही, आणि आता तर त्या रविवारी ते उपासनेलाच जात नाहीत. ते विचारतात की क्षमा झाली असेल तर मन का खाते, आणि झाली नसेल तर आणखी काय करू? मागचे मागे टाकून पुढे धावावे असे प्रेषित पौल सांगतो, ते मला का जमत नाही? आणि हे सगळे मंडळीपुढे उभे राहून सांगावे का?

बंधू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचे काहीही ऐकण्याचे बळ तुम्हाला येणार नाही. तुम्ही आपले पाप ख्रिस्ताच्या नावाने देवापुढे पदरी घेतले असेल, तर त्याची क्षमा झालेली आहे. ती पंख्यांमुळे झालेली नाही, उपवासांमुळे झालेली नाही, आणि तुमचे मन अजून खाते म्हणून ती अपुरीही राहिलेली नाही. मात्र तुमच्या मनाला जे टोचते आहे ते सगळेच काही क्षमेवरच्या अविश्वासातून आलेले नाही. त्यातला मोठा भाग म्हणजे वहिनींचा आणि तिच्या लेकरांचा वाटा आहे, जो अजून तुमच्या नावावर आहे. देवाची क्षमा आणि माणसाचे देणे या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत, की एकीचे उत्तर तुम्ही दुसरीकडे शोधत आहात. देणे बाकी आहे म्हणून क्षमा खरी वाटत नाही, आणि क्षमा झाली असे सांगितले जाते म्हणून देणे फेडायला पाय उचलत नाही. अनेक वर्षे पाळकाचे काम करताना मी हा गुंता इतक्या घरांत पाहिला आहे, की तुमच्या प्रश्नाचे मला जराही नवल वाटले नाही.

क्षमेचा विचार आधी करू. दावीद राजाने आपला सैनिक उरीया याच्या बायकोशी व्यभिचार केला, उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवले आणि कित्येक महिने काहीच घडले नाही अशा थाटात राज्य केले. नाथान संदेष्ट्याने त्याला गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, आणि दावीदाने संतापून निवाडा दिला की त्या माणसाने मेंढीबद्दल चौपट भरून द्यावे. मग नाथान म्हणाला की तो मनुष्य तूच आहेस. पुढे जे घडते त्याकडे नीट पाहा. दावीद एकच वाक्य बोलतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. आणि नाथान त्याच दमात उत्तर देतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. मध्ये चाळीस दिवसांचा उपवास नाही, मंदिराला देणगी नाही, आधी सुधारून दाखव असे काही नाही. आणि तरीही त्याच अध्यायात पापाचे परिणाम मागे लागतात. मूल दगावते, घरात तलवार शिरते, पुढे पोटचा अबशालोम बापावर उठतो. क्षमा पूर्ण आहे आणि परिणामही खरे आहेत. यातल्या कोणत्याही एका गोष्टीने दुसरी खोटी ठरत नाही. एकावन्नाव्या स्तोत्रात पश्चात्तापी दावीद देवाकडे शुद्ध हृदय मागतो, कारण ते आपल्याला स्वतःच्या हाताने घडवता येणार नाही हे त्याला उमगले आहे.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आपल्याविरुद्ध असलेला ऋणाचा लेख देवाने खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळून रद्द केला. तुम्ही कागदपत्रांची जाण असलेले गृहस्थ आहात, म्हणून हे वचन मी मुद्दाम पुढे ठेवतो. ज्या लेखावर तुमचे नाव आणि तुमचा अपराध लिहिलेला होता, तो देवाच्या दप्तरात आता तुमच्याविरुद्ध उभा राहत नाही. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात देव म्हणतो की त्यांचे पाप मी यापुढे स्मरणार नाही. सर्वज्ञ देव विसरभोळा होतो असा याचा अर्थ नाही. तो पुन्हा कधीही ते पाप हिशोबात धरणार नाही, असे हे वचन आहे.

हे ठाऊक असूनही मनाला पटत नाही, असे तुम्ही म्हणाल. या वाटेने तुमच्या आधी मोठी माणसे गेलेली आहेत. पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणा घडवणारा मार्टिन लूथर जर्मनीतल्या एरफर्टच्या मठात तरुण संन्यासी असताना तासन्तास पापकबुली देत असे, आणि बाहेर पडताच एखादे राहून गेलेले पाप आठवून परत फिरत असे. त्याचा वरिष्ठ श्टाउपिट्झ त्याला पुन्हा पुन्हा एकच सांगत असे, की स्वतःच्या पापांची यादी न्याहाळणे थांबव आणि ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा. आपल्या मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्याला आठ वर्षांनी कळले, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले. एवढ्या व्यासंगी बाईंना जर शास्त्र समजणे आणि क्षमेवर स्वतःचा भार टाकून विसावणे यांच्यामध्ये आठ वर्षे लागली, तर तुमच्या मनाला वेळ लागतो म्हणून तुम्ही विश्वासातच कमी पडता असे समजू नका.

आपल्याकडे आता फार कानांवर पडते की देवाने क्षमा केली, पण मी स्वतःला क्षमा करू शकत नाही. बोलणाऱ्याची वेदना खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. परंतु शास्त्राने हे काम आपल्यावर कुठेही सोपवलेले नाही. अपराध ज्याचा झाला तो क्षमा करतो, आणि तुमच्या अपराधात ते दोघे आहेत, देव आणि तुमच्या भावाचे घर. तुमच्याकडे न्यायाधीशाची खुर्ची नाही, त्यामुळे स्वतःला शिक्षा ठोठावण्याचा अधिकारही तुमच्याकडे नाही. प्रभुभोजनापासून स्वतःला दूर ठेवणे ही तुम्ही स्वतःच ठोठावलेली शिक्षा आहे, आणि तिच्यामुळे वहिनींच्या पदरात काहीच पडत नाही.

आता देण्याकडे वळतो, आणि इथे मला जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण आपल्या मंडळ्यांतून हा भाग फार कमी शिकवला जातो.

मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयाच्या सहाव्या अध्यायात, नेमके तुमच्यासारखे प्रकरण आहे. कोणी आपल्या शेजाऱ्याला ठेवीच्या बाबतीत फसवले, लुबाडले किंवा खोटी शपथ वाहिली, तर त्याने घेतलेले सगळे परत करावे, त्यात पाचवा हिस्सा आणखी घालावा आणि ज्याचे त्याला द्यावे. ज्या दिवशी तो दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचे अर्पण, वेदीवर आणतो त्याच दिवशी. म्हणजे वेदीकडे जाणारी वाट फसवलेल्या माणसाच्या दारावरून जाते. गणनाच्या पाचव्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो आणि त्यात एक तरतूद जास्तीची आहे, जी वाचताना मला तुमची वहिनी आठवली. ज्याचा अपराध झाला तो माणूस हयात नसेल तर भरपाई त्याच्या जवळच्या नातलगाला द्यावी, आणि घ्यायला कोणी नातलगच उरला नसेल तरच ती परमेश्वराची होऊन याजकाकडे जावी. क्रम स्पष्ट आहे. आधी तो माणूस, मग त्याचे घर, आणि कोणीच नसेल तर सगळ्यात शेवटी देवाचे मंदिर. तुम्ही हा क्रम उलटा केला आहे. मंडळीत फिरणारे पंखे देवाला नकोत असे मी म्हणत नाही. पण ज्या पैशावर पहिला हक्क कल्याणच्या त्या खोलीतल्या तिघांचा होता, तो पैसा मंडळीला देऊन त्यांचे देणे फिटत नाही. आणि ज्या पाळकाला आणि वडील मंडळाला हे ठाऊक असेल, त्यांनी असे दान स्वीकारताना थांबायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रभू येशूने हा नियम मोडीत काढला नाही. डोंगरावरील प्रवचनात तो सांगतो की तू वेदीजवळ अर्पण आणले असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर अर्पण तसेच वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. प्रभूने इथे तुमच्या मनात भावाविरुद्ध काय आहे हे विचारलेले नाही. भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काय आहे, हे विचारले आहे.

आणि जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना पिळून श्रीमंत झालेला माणूस. त्याची गोष्ट संडे स्कूलमध्ये उंबराच्या झाडापाशीच संपते, पण तिचा कणा पुढे आहे. प्रभू त्याला खाली बोलावतो आणि मला आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हणतो, तेव्हा जक्कयने अजून एक पैसाही परत केलेला नाही. लोक कुरकुर करतात की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो की माझे अर्धे द्रव्य मी दरिद्र्यांना देतो, आणि मी अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर ते चौपट परत करतो. मेंढीबद्दल चौपट, हे दावीदाच्या तोंडून निघालेलेच माप आहे. प्रभू आधी घरी आला, मग जक्कयाची तिजोरी उघडली. परतफेड करून त्याने प्रभूला घरी आणले नाही. प्रभू घरी आला म्हणून त्याला परतफेड करण्याचे धैर्य आले. हा क्रम उलटा वाचला तर क्षमा विकत घेण्याची वस्तू होते, आणि अर्धवट वाचला तर ती फसवणूक पचवण्याचे साधन होते.

आपल्या कॅथलिक बांधवांत पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू लुबाडलेले परत करायला सांगतो, त्याची मुळे फार जुनी आहेत. प्राचीन मंडळीचा थोर आचार्य ऑगस्टीन याने मॅसिडोनियस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, की परत करता येण्यासारखे असूनही जो परत करत नाही, त्याचा पश्चात्ताप दिखाऊ आहे. आपण प्रोटेस्टंट मंडळींनी क्षमा केवळ कृपेने मिळते हे जोराने सांगितले, आणि ते सांगायलाच हवे होते. पण ते सांगताना परतफेडीचा विषय आपल्या उपदेशांतून हळूहळू निसटला. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, आले, तेव्हा पापांची कबुली आणि रडणे हे सगळ्यांना आठवते. पण असे संजीवन खरे असेल तर त्याच्या मागोमाग वस्तू परत होतात, हिशोब चुकते होतात, बोलणे बंद झालेली माणसे एकमेकांच्या दारी जातात.

तुमचा पौलाविषयीचा प्रश्न इथे येतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले मागील गोष्टी मागे टाकण्याचे वचन नववर्षाच्या उपासनेत हमखास वाचले जाते, आणि बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या ओळी वगळून. पौल मागे काय टाकतो आहे? आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशीपणा, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष असल्याचा अभिमान. आपल्या जमेच्या बाजूला लिहिलेले सारे तो मागे टाकतो आणि ख्रिस्तासाठी केरकचरा लेखतो. स्वतःच्या अपराधाबद्दल मात्र तो कधी गप्प बसलेला नाही. मी देवाच्या मंडळीचा छळ केला म्हणून प्रेषित म्हणवून घ्यायला योग्य नाही, असे तो करिंथकरांना लिहितो. गलतीकरांना तेच सांगतो. तीमथ्याला लिहिताना स्वतःला पाप्यांमध्ये मुख्य म्हणतो. त्याने भूतकाळ पुसला नाही, त्यातल्या मोठेपणावर उभे राहून पुढे जाण्याचे मात्र सोडले. तुमच्या बाबतीत मागे टाकायचे ते म्हणजे मंडळीतला प्रतिष्ठित, दानशूर गृहस्थ हा लौकिक. वहिनींना मागे टाकून पुढे धावण्याची परवानगी या वचनात नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते लिहितो.

प्रथम पत्नीला आणि मुलांना घरात बसवून सगळे सांगा. मुलांनी ती जमीन आपली म्हणून गृहीत धरली असेल, तिच्यावर विहीर, पाइपलाइन केली असेल, म्हणून विरोध होईल. तो विरोध ऐकून घ्या, पण निर्णय त्यांच्यावर सोपवू नका. सही तुम्ही घेतली होती. मग तालुक्यातल्या एखाद्या वकिलाला सातबारा, फेरफाराचा उतारा आणि ते हक्कसोडपत्र दाखवा. सामान्यतः अशा वेळी वहिनी आणि मुलांच्या नावे भावाच्या हिश्श्याचे बक्षीसपत्र करून ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे लागते आणि मग तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होऊन सातबाऱ्यावर नावे लागतात. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च तुम्ही करा. मोशेच्या नियमातला पाचवा हिस्सा आठवा. मूळ तेवढे परत देऊन हात झटकणे त्या नियमाला मान्य नव्हते. एवढी वर्षे त्या जमिनीचे पीक तुम्ही घेतले आहे, त्याचाही विचार करा. एखादा तुकडा मधल्या काळात विकला असेल, तर त्याची किंमत आजच्या भावाने धरा. एकरकमी जमत नसेल तर किती आणि केव्हा देणार ते कागदावर लिहून द्या. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत देव तुमच्यावर रुसून बसलेला आहे असे मात्र मनात आणू नका. क्षमा झालेला माणूस म्हणूनच तुम्ही हे हप्ते देणार आहात.

मग कल्याणला जा. नाताळाची वाट पाहू नका, मिठाई आणि कपडे घेऊन जाऊ नका, कारण भेटवस्तू हातात असल्या की समोरच्या माणसाला राग व्यक्त करता येत नाही. शक्यतो आधी फोन करून, महत्त्वाचे बोलायचे आहे असे सांगून जा, आणि पुतण्या व पुतणी घरी असतील अशी वेळ ठरवा. बोलणे थोडके ठेवा. मी कर्जाचे खोटे कारण सांगून त्याची सही घेतली, त्याचा वाटा मी बळकावला, तो तुम्हाला परत करायला आलो आहे. एवढेच. त्या वर्षी दुष्काळ होता, आईचे आजारपण होते, डोक्यावर देणे होते, यातले एकही वाक्य बोलू नका, ते खरे असले तरी. कारणे सांगणारा माणूस नकळत समोरच्याकडून समजूत मागत असतो. आणि देवाने मला क्षमा केली आहे, हे वाक्य तर त्या उंबरठ्यावर मुळीच उच्चारू नका. ते सत्य आहे, तुमच्या जिवाचा आधार आहे. पण ज्या बाईने नवऱ्याच्या आजारपणात पैशासाठी दारे ठोठावली असतील, तिच्या कानांवर ते तुमच्या तोंडून आधी पडले तर तिला वाटेल की आता रागावण्याचा हक्कही माझ्याकडून काढून घेतला जातो आहे. तिने काही विचारले तर खरे उत्तर द्या. ती बोलू लागली तर मध्ये बोलू नका. ती काहीच बोलली नाही तर तिच्या शांततेवर आशीर्वादाचे वचन लादू नका.

तिने क्षमा केली नाही तर? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात आहे असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. तिची क्षमा ही तिची आहे. ती मागता येते, वसूल करता येत नाही. प्रभूने आपला शिष्य पेत्र याला सत्तर वेळा सातवेळा क्षमा करायला सांगितले, ते ज्याचा अपराध झाला त्याला सांगितले. अपराध करणाऱ्याने ते वचन समोरच्यापुढे नाचवायचे नसते. मंडळीतल्या कोणालाही तिची समजूत घालायला पाठवू नका. तिला एक वर्ष लागेल, दहा लागतील, कदाचित ती कधीच तुमच्याशी पूर्वीसारखी बोलणार नाही. देवाची क्षमा तिच्या क्षमेसाठी अडून राहिलेली नाही, आणि तिच्या हक्काचे परत देणेही तिच्या क्षमेवर अवलंबून नाही.

भावाबद्दल मात्र मला वेगळे लिहावे लागेल. त्याच्यापुढे उभे राहून हे सांगण्याची संधी गेली, ती परत येणार नाही. जमीन परत केल्यानंतरही ही कळ मनात उरेल, आणि तेव्हा तुम्हाला वाटेल की अजून काहीतरी चुकते आहे, क्षमा पुरती झालेली नाही. तसे समजू नका. ती कळ म्हणजे दुःख आहे, दोष नव्हे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल दोन दुःखांत फरक करतो. देवाला अनुसरून झालेले दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेते, जगाचे दुःख मरणाकडे. पहिले दुःख माणसाला कल्याणच्या गाडीत बसवते. दुसरे त्याला प्रभुभोजनाच्या रविवारी घरी बसवते. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले ते मुख्य याजकाच्या वाड्यात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तिबिर्याच्या समुद्रकाठी पुनरुत्थित प्रभू त्याच्यासाठी न्याहारी करतो, तीही कोळशाच्या विस्तवावर. तीनदा विचारतो की तू माझ्यावर प्रीती करतोस काय. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असे योहान लिहितो. क्षमा मिळत असतानाच तो दुःखी आहे. प्रभू ते दुःख पुसून टाकत नाही. माझी मेंढरे चार, एवढेच सांगतो. तुमच्या भावाची दोन लेकरे आहेत, त्यांचे शिक्षण, नोकरी, लग्न यांत काका म्हणून त्यांना तुम्ही हवे आहात की नाही हे तेच ठरवतील. पण हवे झालात तर त्यांच्या हाकेला उभे राहा.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले, आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि सर्व जाणतो, हे वचन तुम्ही बहुधा पाठ केले असेल. ते एकटे वाचू नका. त्याच्या आधीच्या ओळींत योहान म्हणतो की ज्याच्याजवळ संसाराची साधने आहेत आणि आपला बंधू गरजवंत आहे हे पाहून जो त्याच्याविषयी मनाचे दार लावून घेतो, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील? आपण शब्दाने नव्हे तर कृतीने व सत्याने प्रीती करावी. यावरून आपण सत्याचे आहोत हे आपल्याला कळेल, आणि मन दोष देऊ लागले तरी त्याची खात्री करता येईल. म्हणजे तुम्ही इतकी वर्षे जी खात्री उपवासात शोधत होता, तिची जागा योहानाने आधीच दाखवून ठेवली आहे.

प्रभुभोजनाबद्दल सांगतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून घरी बसावे, असे तो म्हणत नाही. रोमी सत्तेने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्या काळात ख्रिस्ताला नाकारलेल्यांनाही मंडळीने दीर्घ पश्चात्तापानंतर परत घेतले, आणि 325 साली नायसीया येथील धर्मसभेने ठरवले की मरणाच्या दारात असलेल्या कोणालाही हे भोजन नाकारू नये. तुम्ही पत्नीला सांगितलेत, वकिलाकडे गेलात आणि कल्याणला जाण्याचा दिवस ठरवलात, की त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला या. सगळे पार पडल्यावर बक्षीस म्हणून नव्हे, तर ते पार पाडण्याचे बळ मिळावे म्हणून.

शेवटचा प्रश्न मंडळीपुढे उभे राहून सांगण्याचा. तसे करू नका, असे मी सुचवतो. कबुली तितक्याच लोकांपुढे द्यावी जितक्यांना त्या अपराधाची झळ लागली. भर मंडळीत सांगितलेत तर चर्चा वहिनींच्या घरापर्यंत जाईल, तिच्या मुलांकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतील, आणि तुमच्या नम्रतेचे मात्र कौतुक होईल. तुमच्या पाळकांना खाजगीत जरूर सांगा आणि त्यांना तुमच्याबरोबर प्रार्थना करू द्या. पण एका ठिकाणी तुम्हाला उघडपणे बोलावेच लागेल. धाकट्याने आपला हिस्सा व्यसनापायी फुंकून टाकला, अशी समजूत गावात आणि पाहुण्यांत पसरली, आणि ती तुम्ही खोडून काढली नाही, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते जमिनीइतकेच हे देणे मोठे आहे, आणि ते कोणत्याही बक्षीसपत्राने फिटत नाही. तुमचे चुलते, भावाचे मेहुणे, गावातले ते दोन-चार वडीलधारे, ज्यांच्या तोंडून ही गोष्ट फिरत राहिली, त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगा की त्याने जमीन विकली नव्हती, फुंकली नव्हती, मी ती त्याच्याकडून फसवून घेतली. पुतण्या तयार असेल तर त्याला बरोबर न्या, म्हणजे आपल्या बापाचे नाव मोकळे झालेले तो स्वतःच्या कानांनी ऐकेल. आणि हे काम वकिलाच्या तारखेसाठी थांबलेले नाही. ते येत्या रविवारी उपासनेनंतर सुरू करता येईल.